१७५० कॅलरी खाऊनही वजन हलेना: एका हिशेबाची तपासणी

वय ३८, उंची १६४ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत बसून काम, आठवड्यातून चार दिवस पाऊण तास झपझप चालणे. मोबाइलवरच्या अ‍ॅपने सांगितले, रोज १७५० किलोकॅलरी खा, आठवड्याला जवळपास अर्धा किलो उतरेल. बाईंनी सहा आठवडे एकही दिवस नोंद चुकवली नाही. काटा ७८.२ वरून ७७.८ वर आला. आता त्यांचे दोन प्रश्न आहेत: माझे चयापचय मंद आहे का? आणि खाणे १२०० वर आणू का?

(व्यक्ती काल्पनिक आहे. हिशेब कसा तपासायचा हे दाखवण्यासाठी प्रकरण रचले आहे. गणिते मात्र खरी आहेत आणि स्वतःचे आकडे घालून कोणालाही करून पाहता येतील.)

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ आहे. पण नुसते ‘नाही’ म्हणून कोणाचे समाधान होत नाही. कागदावर रोज ५०० कॅलरींची तूट होती. ती गेली कुठे, हे दाखवावे लागते. (बोलण्यातली ‘कॅलरी’ म्हणजे शास्त्रातली किलोकॅलरी. पुढेही बोलण्यातलाच शब्द वापरला आहे.)

१७५० हा आकडा आला कुठून

अ‍ॅपने वापरलेले सूत्र मिफ्लिन-सेंट जिओर या नावाने ओळखले जाते. ते १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीचे हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र १९१९ चे. आजच्या माणसांमध्ये ते बरेचदा थोडे जास्तच दाखवते, म्हणून आता मिफ्लिनचेच चलन आहे. ते असे:

१० × वजन (किलो) + ६.२५ × उंची (सेंमी) − ५ × वय. त्यानंतर पुरुष असेल तर ५ मिळवायचे, स्त्री असेल तर १६१ वजा करायचे.

७८० + १०२५ − १९० − १६१ = १४५४.

दिवसभर नुसते पडून राहिले तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांना चालू ठेवण्यासाठी शरीर साधारण एवढे खर्च करते. बहुतेक लोकांमध्ये हा अंदाज प्रत्यक्ष मोजणीच्या १० टक्क्यांच्या आत येतो. ऐकायला चांगले वाटते, पण १४५४ चे १० टक्के म्हणजे १४५. अंगात स्नायू जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या दोन बायकांचे वय, वजन, उंची एकच असेल, तर सूत्र दोघींना एकच आकडा देते. शरीरातील चरबीचे प्रमाण विश्वासाने मोजलेले असेल तर कॅच-मॅकआर्डल सूत्र (३७० + २१.६ × चरबी वगळून उरलेले वजन किलोमध्ये) अधिक जवळ जाते. पण घरगुती काट्यावरचा चरबीचा आकडा त्यासाठी वापरू नये. पाणी प्यायल्यानेसुद्धा तो बदलतो.

या १४५४ ला अ‍ॅपने दिवसभराच्या हालचालीसाठी धरलेल्या १.५५ या गुणकाने गुणले, २२५४ आले. हा झाला दिवसाचा एकूण खर्च. त्यातून ५०० वजा करून १७५४, आणि पूर्णांक करून १७५०. म्हणजे कागदावरची तूट ५०४.

सूत्रापेक्षा गुणक जास्त फसवतो

लोक मिफ्लिन बरे की हॅरिस-बेनेडिक्ट यावर वाद घालतात. दोन्हींच्या उत्तरात फरक पडतो तो सहसा ५०-१०० कॅलरींचा. गुणकाची एक पायरी चुकली तर तेवढ्याने अडीचशेचा फरक पडतो, आणि त्या पायरीकडे कोणी दहा सेकंदही देत नाही.

प्रचलित गुणक पाच आहेत: १.२, १.३७५, १.५५, १.७२५ आणि १.९. १.५५ समोर लिहिलेले असते ‘मध्यम व्यायाम, आठवड्यातून ३ ते ५ दिवस’. बाई चार दिवस चालतात, त्यांनी तेच निवडले. प्रश्न व्यायामाचा विचारला होता, उत्तरही व्यायामाचेच दिले. पण चालण्याचे आठवड्यात तीनच तास होतात. उरलेले १६५ तास माणूस काय करतो यावर खर्च ठरतो, आणि ते कोणी विचारलेच नाही. उभ्याने काम करणारी, व्यायाम अजिबात न करणारी व्यक्ती या बाईंपेक्षा सहज जास्त खर्च करते.

दुसऱ्या बाजूने १.२ हा गुणकही हिंडत्या-फिरत्या माणसाला लागू होत नाही; तो जवळजवळ अंथरुणाला खिळलेल्याचा आहे. अन्न व कृषी संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रे विद्यापीठ यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने बैठ्या ते हलक्या हालचालीच्या जीवनासाठी १.४० ते १.६९ हा पट्टा दिला आहे. बैठे काम, थोडे घरकाम, थोडी ये-जा अशा दिवसासाठी १.४ पासून सुरुवात करावी आणि ठरवून केलेला व्यायाम वेगळा मोजून मिळवावा, ही पद्धत जास्त भरवशाची.

ती इथे लावून पाहू. १४५४ × १.४ = २०३६. आता चालणे. ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास वेगाने चालताना विश्रांतीच्या साधारण ४.३ पट खर्च होतो. ४.३ × ७८ किलो × ०.७५ तास = २५२. पण त्या पाऊण तासात बाई नुसत्या बसून राहिल्या असत्या तरी ५८ खर्च झाल्याच असत्या. म्हणून चालण्याने खरी भर पडली १९४ ची. चार दिवसांचे ७७६, सात दिवसांवर पसरले तर रोज १११. एकूण २१४७.

म्हणजे २२५४ नव्हे, साधारण २१५०. हाही अजून अंदाजच. त्याची परीक्षा पुढे काट्यावर होईल.

व्यायामाच्या कॅलरी दोनदा जमा

बाईंच्या घड्याळाने प्रत्येक चालण्याला ३०० कॅलरी दाखवल्या. अ‍ॅपने त्या दिवसाच्या कोट्यात आपोआप जोडल्या, आणि चालण्याच्या दिवशी १७५० ऐवजी २०५० ‘शिल्लक’ दिसू लागल्या. बाईंनी त्या खाल्ल्या. त्यांची चूक म्हणता येणार नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत खा म्हणूनच लिहिले होते.

पण १.५५ या गुणकात चार दिवसांचा व्यायाम आधीच धरलेला होता. तोच पुन्हा जमा झाला. वर ३०० हा आकडाही फुगलेला. त्यात बसल्या जागी होणारा खर्च मिसळलेला आहे आणि घड्याळाचा स्वतःचा अंदाजही सैल आहे. मनगटावरची घड्याळे नाडीचे ठोके बऱ्यापैकी मोजतात, कॅलरींच्या बाबतीत मात्र त्यांच्यावर विसंबू नये. ३०० × ४ ÷ ७ = रोज १७१ कॅलरींची तूट इथे गेली.

नियम सरळ आहे. व्यायाम गुणकात धरा किंवा वेगळा जोडा, दोन्हीकडे नको. अ‍ॅपमध्ये घड्याळ जोडण्याची सोय असते, ती बंदच करून टाकलेली बरी.

दोन रकाने, चौदा दिवस

आता नोंदींची तपासणी. इथे ‘तुम्ही नीट लिहीत नाही’ असे म्हणून भागत नाही. बाई मनापासून लिहीत होत्या. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. १२०० च्या आत खाऊनही वजन उतरत नाही, असे सांगणाऱ्या लोकांचे खाणे आणि खर्च त्यात तपासले गेले. त्यांनी नोंदवलेले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होते, तर हालचाल ५१ टक्के जास्त सांगितलेली होती. चयापचय मात्र अपेक्षेप्रमाणेच निघाले. ही माणसे खोटे बोलत नव्हती. डोळ्यांनी मोजले की असेच होते.

म्हणून बाईंना एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घेऊन चौदा दिवस दोन रकाने लिहायला सांगायचे. आधी नेहमीसारखा अंदाज लिहायचा. मग तोच पदार्थ काट्यावर ठेवून खरे वजन दुसऱ्या रकान्यात. खाणे बदलायचे नाही, वाढलेला घास परत ठेवायचा नाही. पहिले तीन-चार दिवस माणूस नकळत कमी खातो, म्हणून सात दिवस पुरत नाहीत, चौदा हवेत.

दोन रकान्यांतला सरासरी फरक रोज १६४ कॅलरींचा निघाला. तो असा:

तेल. अंदाज दोन चमचे, म्हणजे ९ ग्रॅम. प्रत्यक्ष १८ ग्रॅम. ९ ग्रॅम जास्त, ग्रॅममागे ९ कॅलरी, ८१ गेल्या.

सुकामेवा. ‘मूठभर’ म्हणून १५ ग्रॅम लिहिलेले, मूठ भरली २४ ग्रॅमची. ९ ग्रॅम गुणिले ५.८, म्हणजे ५२.

भात. ६० ग्रॅम कोरडे तांदूळ मोजले, पण अ‍ॅपमध्ये निवडला ‘शिजवलेला भात’. कोरड्या तांदळाच्या १०० ग्रॅमला सुमारे ३६० कॅलरी, शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅमला सुमारे १३०. २१६ च्या जागी ७८ लागले. चौदा दिवसांत ही चूक दोनदाच झाली, म्हणून रोजच्या सरासरीत २० च दिसतात. रोज झाली असती तर एवढ्या एका गोष्टीने सव्वाशेहून जास्त कॅलरी गायब झाल्या असत्या.

चाखणे, मुलांच्या ताटात उरलेले संपवणे, उभ्या उभ्या तोंडात टाकलेले काही. ३१.

एक चूक उलट्या दिशेचीही सापडली. केळ्याला अ‍ॅप ११८ ग्रॅमचे ठरीव वजन लावत होते. साल काढून मोजले तर बाईंचे केळे ९५ ग्रॅमचे. इथे रोज २० कॅलरी जास्त लिहिल्या जात होत्या. ८१ + ५२ + २० + ३१ − २० = १६४.

यात फसवणारी गोष्ट तेलच. कढईत ओततानाची धार कोणी मोजत नाही. चमचाही कामाचा नाही, काठोकाठ भरला की पाचाचा सात ग्रॅम होतो. बाटलीच काट्यावर ठेवायची, शून्य करायची, ओतायचे, परत ठेवायची. जेवढा उणे आकडा दिसेल तेवढे तेल गेले. एकत्र शिजवलेल्या पदार्थाचाही मार्ग आहे. सगळे जिन्नस कच्चे मोजून बेरीज करा, शिजल्यावर भांड्यासकट वजन करा आणि रिकाम्या भांड्याचे वजन वजा करा. समजा जिन्नसांच्या मिळून १२४० कॅलरी आणि शिजलेला पदार्थ १५५० ग्रॅम भरला, तर १०० ग्रॅमला ८०. ताटात २२० ग्रॅम घेतले की १७६. नेहमीच्या चार-पाच भांड्यांची रिकामी वजने एकदा कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवली की रोजचा त्रास वाचतो.

शरीराचा काटा काय म्हणतो

‘७८.२ वरून ७७.८’ ही दोन दिवसांची दोन वजने झाली. एका माणसाचे वजन एकाच आठवड्यात एक-दीड किलोने सहज खालीवर होते. मीठ जास्त झाले, पोट साफ झाले नाही, पाळी जवळ आली, आदल्या दिवशी पायांचा जोरदार व्यायाम झाला, की पाणी साठते. त्यामुळे दोन सुटी वजने घेऊन निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. सुदैवाने बाईंनी रोज सकाळी वजन केले होते: शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, काटा टणक फरशीवर. त्यामुळे आठवड्याच्या सरासऱ्या काढता आल्या.

पहिला आठवडा गाळायचा. खाणे कमी केले की यकृत आणि स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या कर्बोदकांचा, साठा घटतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी निघून जाते. ती चरबी नव्हे. उरले दुसरा ते सहावा आठवडा. दुसऱ्याची सरासरी ७८.१०, सहाव्याची ७७.८५. मध्ये बरोबर २८ दिवस, आणि बाईंची पाळी नियमित २८ दिवसांची, म्हणून दोन्ही आठवडे चक्राच्या एकाच टप्प्यावर येतात. पाळी येणाऱ्या स्त्रीने एका आठवड्याची तुलना लगेच मागच्या आठवड्याशी करणे म्हणजे स्वतःला विनाकारण छळणे आहे.

फरक २५० ग्रॅम. एक किलो चरबीच्या ऊतीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. (शुद्ध चरबीच्या किलोत ९००० असतात, पण ऊतीत पाणी आणि इतर घटकही आले. ‘एका पौंडाला ३५००’ हा जुना नियम याच हिशेबाचा, तो १९५८ पासून प्रचलित आहे.) ०.२५ × ७७०० ÷ २८ = ६९. म्हणजे प्रत्यक्षातली तूट रोज ६९ कॅलरी.

आता सगळे एकत्र करू. बाई प्रत्यक्षात खात होत्या: १७५० + १७१ + १६४ = २०८५. त्यात ६९ मिळवले की दिवसाचा खरा खर्च: २१५४.

आणि हरवलेली तूट: गुणकात १००, दोनदा जमा झालेल्या व्यायामात १७१, न लिहिलेल्या खाण्यात १६४, उरलेली खरी ६९. बेरीज ५०४.

खर्चाचा अंदाज २१४७ होता, काट्यावरून आला २१५४. एवढे जुळणे हा थोडा योगायोगही आहे. आठवड्याच्या सरासऱ्यांमध्ये मिळून २०० ग्रॅमचा गोंधळ राहिला तरी २८ दिवसांच्या हिशेबात ५५ कॅलरींचा फरक पडतो. म्हणून २१०० ते २२०० म्हणावे आणि कामासाठी २१५० धरावे. मंद चयापचयाचा यात कुठे मागमूस नाही. सतत थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, पाळीत बदल अशी लक्षणे असती तर थायरॉइडची रक्ततपासणी करायला सांगणे योग्यच होते. पण तो प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर डॉक्टरांकडे.

नवे लक्ष्य

सगळ्यांना सरसकट ५०० वजा करणे ही आळशी पद्धत आहे. दिवसाला १६०० खर्च करणाऱ्या छोट्या चणीच्या स्त्रीसाठी ५०० म्हणजे ३१ टक्के, २८०० खर्च करणाऱ्या माणसासाठी १८ टक्के. टक्केवारीत विचार करावा: १५ ते २० टक्के तूट बहुतेकांना निभते. २१५० चे ८० टक्के १७२०, ठरले १७००. तूट ४५०, आठवड्याला अपेक्षित घट ४५० × ७ ÷ ७७०० = सुमारे ४१० ग्रॅम.

गंमत अशी की अ‍ॅपचे १७५० काही फार चुकलेले नव्हते. त्याच्या भोवतीचे सगळे चुकले होते.

१२०० का नको? कारण तूट ९५० ची, ४४ टक्क्यांची होते. इतक्या कमी खाण्यात प्रथिने आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये बसवणे कठीण जाते, चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि फार झपाट्याने वजन उतरवले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. शिवाय १२०० लिहून प्रत्यक्षात १५०० खाणारे आणि शनिवारी-रविवारी त्याची भरपाई करणारे लोकच जास्त. आठवड्याची सरासरी शेवटी तिथेच येते.

१७०० ची वाटणी प्रथिनांपासून सुरू करायची. अपेक्षित वजन ६८ किलो धरून किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे ११० ग्रॅम. ग्रॅमला ४ प्रमाणे ४४० कॅलरी. स्निग्ध पदार्थ ५५ ग्रॅम, ४९५ कॅलरी. उरल्या ७६५, त्यांची कर्बोदके १९१ ग्रॅम. प्रथिने वाढवण्याचे कारण स्नायू टिकवणे आणि भूक आवरणे हे. ती पचवताना त्यांच्यातलीच २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते, कर्बोदकांच्या बाबतीत ५ ते १० टक्के, स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत जेमतेम ३ पर्यंत. हा जादा फायदा. आठवड्यातून दोन दिवस वजने उचलण्याचा व्यायाम जोडला. तो कॅलरी जाळण्यासाठी नव्हे, स्नायू राखण्यासाठी.

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, १८ वर्षांखालील मुले, खाण्याच्या विकारातून गेलेले किंवा जात असलेले लोक यांनी हा हिशेब स्वतःच्या मनाने करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणे कमी करण्याआधी मात्रा बदलावी लागू शकते, नाहीतर साखर एकदम खाली जाते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा वरचा आकडा लागू नाही.

चौथ्या आठवड्यात काय झाले

सुरुवातीची सरासरी ७७.९. त्यानंतर आठवड्यागणिक: ७७.१, ७६.८, ७६.७, ७७.०, ७५.७, ७५.२.

पहिल्या आठवड्यातले ८०० ग्रॅम पाहून बाई खूश. त्यातली निम्मी घट पाण्याची होती, हे तेव्हाच सांगून ठेवलेले चांगले. चौथ्या आठवड्यात सरासरी ३०० ग्रॅमने वर गेली, आणि त्याच रविवारी ‘१४०० करू का’ हा प्रश्न आला. बहुतेक लोक योजना सोडतात त्या इथेच. पाळीच्या आधीचे दिवस होते, वजने उचलायलाही नुकतीच सुरुवात केली होती. दोन्हींनी पाणी धरले. ३०० ग्रॅम चरबी चढायला २३०० कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. नोंदी काट्यावर मोजलेल्या असताना ते शक्यच नव्हते. काहीही बदलले नाही. पुढच्या आठवड्यात १.३ किलो एकदम उतरले. दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात फरक १.६ किलो: १.६ × ७७०० ÷ २८ = ४४०. अपेक्षा ४५० ची होती.

२८ दिवस पूर्ण झाल्याशिवाय आकड्याला हात लावायचा नाही, हा नियम म्हणूनच ठेवला.

तीन महिन्यांनंतरची मंदी

बाराव्या आठवड्यात वजन ७३ वर आले. त्यापुढच्या २८ दिवसांत मात्र ८०० ग्रॅमच उतरले. तूट २२० वर आली म्हणायची. नोंदीत रोज १७२० दिसत होते. म्हणजे खर्च १९४०? सूत्राने पाहू: ७३ किलोला १४०४, आणि आधीच्या मोजणीवरून निघालेला बाईंचा स्वतःचा गुणक १.४८. उत्तर २०७८. १३८ कॅलरींचा फरक.

पहिले काम पुन्हा दोन रकाने, या वेळी एकच आठवडा. प्रत्यक्ष खाणे १७७५ निघाले. तेलाची बाटली काट्यावर ठेवण्याचा कंटाळा आलेला होता. हात सैल पडतोच. दर दोन महिन्यांनी असा एक आठवडा ठरवूनच ठेवावा. तर खर्च १७७५ + २२० = १९९५, आणि फरक ८३ वर आला.

दुसरे, पावले. सुरुवातीला रोज सरासरी ६२०० होती, आता ४७००. व्यायाम तेवढाच, पण बाकीच्या वेळी हालचाल कमी झाली. हे ठरवून होत नाही. कमी खाणारे शरीर नकळत काटकसर करते: जिन्याऐवजी लिफ्ट, उठण्याऐवजी हाक मारणे, पाय हलवणेसुद्धा कमी. १५०० पावले म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर, दर किलोमीटरला शरीराच्या किलोभर वजनामागे अर्धी कॅलरी धरली तर ४०. उरल्या ४३. त्यात थोडे मोजणीतले चुकणे आणि थोडे खरोखरचे जुळवून घेणे, म्हणजे वजन घटल्यामुळे जेवढा खर्च कमी व्हायला हवा त्याहून जरा जास्त कमी होणे. हे जुळवून घेणे खरे आहे, पण त्याला जेवढे बदनाम केले जाते तेवढे मोठे ते इथे नाही.

‘रोज ५०० ची तूट म्हणजे वर्षाला जवळपास २४ किलो’ ही सरळ रेषा खोटी ठरते ती याचमुळे. संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेला ढोबळ नियम जास्त कामाचा आहे: खाण्यात रोज २४ कॅलरींचा कायमचा बदल केला तर वजन अखेर एका किलोने बदलते, त्यातला निम्मा बदल साधारण एका वर्षात आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत. त्याच हिशेबाने ५ किलो उतरल्यावर खर्च १२० ने कमी धरायचा, २१५० चा २०३०. बाईंचा १९९५ त्याच्या जवळच आहे.

उपाय? खाणे कमी करण्याआधी पावले ६००० च्या वर परत नेली आणि तेल पुन्हा काट्यावर आले. एवढ्याने ४० आणि ५५, मिळून ९५ कॅलरी परत मिळाल्या. तूट ३१५, आठवड्याला जवळपास २९० ग्रॅम. ७२ किलोच्या स्त्रीला हा वेग पुरेसा आहे. तरीही वेग हवाच असेल तर १६५० वर यावे, त्याखाली नको. थकवा आणि चिडचिड जास्त असेल तर दोन आठवडे २००० खाऊन वजन नुसते टिकवावे. त्यात काटा किलोभर वर जाईल. ते ग्लायकोजेन आणि पाणी, हे आधीच वहीत लिहून ठेवावे, म्हणजे त्या सकाळी धक्का बसत नाही.

हेच वजन वाढवायचे असते तर

पद्धत तीच, चुकांची दिशा उलटी. समजा २४ वर्षांचा तरुण, १७८ सेंटिमीटर, ५८ किलो, उभ्याचे काम. ५८० + १११२.५ − १२० + ५ = १५७८. गुणक १.६, खर्च सुमारे २५२५. तो सांगतो, ‘मी तीन हजार खातो, तरी अंगाला लागत नाही.’ काट्यावर मोजले की अशा माणसाचे भरपेट दिवस तीन हजारांचे निघतात, पण मधल्या बऱ्याच दिवशी एखादे जेवण बुडालेले असते आणि आठवड्याची सरासरी २४०० वर येते. बारीक माणसाला जेवलेले दिवस आठवतात, वजन उतरवणाऱ्याला न जेवलेले.

जास्तीचे खाणे १० टक्क्यांच्या आसपास ठेवावे, म्हणजे २८०० पर्यंत. एकदम हजाराने वाढवण्यात काय होते ते १९९९ च्या एका प्रयोगात दिसले. १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कोणाची चरबी ०.३६ किलो वाढली, कोणाची ४.२३. फरकाचे मुख्य कारण व्यायाम नव्हे, तर नकळत वाढलेली चुळबुळ, उभे राहणे, हिंडणे. ज्यांचे शरीर असे जादा खाणे उधळून टाकते, त्यांच्या बाबतीत सूत्राचा आकडा पुरत नाही आणि हळूहळू चढवत न्यावे लागते.

भूक आड येत असेल तर ताट मोठे करण्यापेक्षा दूध, सुकामेवा, जेवणात वरून घेतलेले तेल किंवा तूप अशा कमी आकारमानात जास्त ऊर्जा असलेल्या गोष्टी वाढवाव्या. वजन उतरवणाऱ्या बाईंना ज्या ९ ग्रॅम तेलाने अडवले, तेच इथे मदतीला येते. आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅम वाढ पुरे. त्याहून वेगाने चढते ती बहुतांशी चरबी. वजने उचलली नाहीत तर या वेगातही चरबीच जास्त. पहिल्या आठवड्यातली एक किलोची उडी पाण्याची आणि पोटातल्या अन्नाची, ती हिशेबात धरायची नाही. ७७०० चा आकडाही इथे सैल पडतो, कारण वाढलेले सगळे वजन चरबीचे नसते. चांगले खाऊनही वजन आपोआप उतरत असेल तर मात्र कॅलरी मोजत न बसता आधी थायरॉइड, रक्तातली साखर आणि पचनसंस्था यांची तपासणी करून घ्यावी.

दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या सरासरीत ६०० ग्रॅमपेक्षा कमी वाढ दिसली तर रोजच्या खाण्यात १५० कॅलरी वाढवायच्या, सव्वा किलोच्या वर गेली तर तेवढ्याच कमी करायच्या, आणि पुढचे २८ दिवस परत तसेच मोजायचे.